मुलगा म्हणतो, “कॉइन दुसऱ्या खात्यात टाकायचे आहेत”, तेव्हा काय विचाराल?



मागे रिसोड तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, परतफेड झाली, मग अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एका ताईंना फवारणीसाठी पैसे हवे होते, दुसरीला शेळी घ्यायची होती. तिसऱ्या ताईंनी ४०,००० रुपये मागितले. कशासाठी, असं विचारलं तर आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पोराचे पैसे एका मोबाइलात अडकले, दुसऱ्या मोबाइलात टाकाचे हायेत म्हणते. चाळीस हजार भरले की दोन लाख चाळीस हजार सुटतात.”

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. ११ जणींचा गट, दर महिन्याला प्रत्येकीची १०० रुपये बचत. म्हणजे ४०,००० रुपये ही सगळ्या जणींची मिळून तीन वर्षांची बचत. आणि मागणाऱ्या ताईंची परतफेड आजवर एकदाही चुकलेली नव्हती. नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणायचं तर कशाच्या भरवशावर?

मुलगा चाकणला कंपनीत कामाला. बैठकीतूनच त्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या फोनवर जे बोलणं झालं त्यावरून हा लेख लिहिते आहे. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, हे सांगायला नाही. पण घरातलं कोणी “एका एक्स्चेंजवरून दुसऱ्या एक्स्चेंजवर पैसे हलवायचे आहेत” असं म्हणालं, तर ते काम खरोखर कसं होतं हे आपल्याला माहीत असायला हवं. ते कळलं की खोटं लगेच उघडं पडतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

क्रिप्टो म्हणजे संगणकाच्या जाळ्यावर चालणारं आभासी चलन. त्याची नोट नाही, नाणं नाही. बिटकॉइन हे त्यातलं सगळ्यात जुनं, ते २००९ मध्ये सुरू झालं. यूएसडीटी नावाचं आणखी एक आहे. त्याची किंमत एका डॉलरच्या आसपास राहावी अशी त्याची रचना आहे, म्हणून फसवणूक करणारे बहुतेक वेळा तेच मागतात.

या सगळ्याची एक मोठी हिशोबाची वही असते, तिला ब्लॉकचेन म्हणतात. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेलं, याची नोंद तिच्यात होते. ही वही जगातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. आपल्या गटाच्या वहीत चूक झाली तर आपण बैठकीत ती दाखवतो, दुरुस्त करतो, सह्या करतो. त्या वहीत झालेली नोंद मात्र कोणालाच खोडता येत नाही. पोलिसांना नाही, बँकेला नाही, कंपनीलाही नाही. पुढची प्रत्येक गोष्ट या एका मुद्द्यावर उभी आहे.

एक्स्चेंज म्हणजे रुपये देऊन कॉइन विकत घेण्याची आणि विकण्याची जागा. आपण सोयाबीन बाजार समितीत नेतो, तसा हा कॉइनचा बाजार. बहुतेक लोक घेतलेले कॉइन तिथेच ठेवतात. म्हणजे माल वखारीत आणि आपल्या हातात फक्त पावती.

कॉइन एका एक्स्चेंजवरून दुसरीकडे कसे जातात?

समजा, मुलाचं एका एक्स्चेंजवर खातं आहे आणि त्याला कॉइन दुसऱ्या एक्स्चेंजवरच्या आपल्याच खात्यात न्यायचे आहेत. तर कामाचा क्रम असा असतो.

एक. दोन्ही ठिकाणी त्याच्या स्वतःच्या नावाचं खातं लागतं. भारतात त्यासाठी पॅन, आधार आणि बँक खात्याची पडताळणी होते.

दोन. ज्या एक्स्चेंजवर कॉइन न्यायचे आहेत, तिथे जाऊन “डिपॉझिट” उघडायचं. तिथे एक लांबलचक पत्ता मिळतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकत्र. हा पत्ता म्हणजे जणू त्या खात्याचा नंबर.

तीन. कोणत्या नेटवर्कवरून पाठवायचं ते निवडायचं. एकच यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवरून जातं, त्यातली इथेरियम आणि ट्रॉन ही दोन नावं नेहमी ऐकू येतात. वाशिमहून अकोल्याला एसटीनेही जाता येतं आणि रेल्वेनेही. पण घ्यायला आलेला माणूस बसस्थानकावर उभा असेल तर रेल्वेने जाऊन उपयोग नाही. पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडे नेटवर्क एकच हवं.

चार. काही कॉइनना, उदाहरणार्थ एक्सआरपीला, पत्त्यासोबत आणखी एक नंबर लागतो. त्याला टॅग किंवा मेमो म्हणतात. एक्स्चेंजचा पत्ता सगळ्या ग्राहकांसाठी एकच असतो, माल कोणाचा हे त्या नंबरवरून कळतं. तो विसरला तर कॉइन एक्स्चेंजवर पोचतात, पण आपल्या खात्यात दिसत नाहीत. मग त्यांच्या मदत विभागाच्या मागे लागावं लागतं.

पाच. जुन्या एक्स्चेंजवर “विथड्रॉ” मध्ये जाऊन तो पत्ता टाकायचा. हाताने लिहायचा नाही, कॉपी करायचा. कॉपी करूनही सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं, शक्य असेल तर पूर्ण पत्ता, जुळवून पाहायचा. कारण काही मोबाइलमध्ये असं घातक ॲप शिरलेलं असतं की कॉपी केलेला पत्ता बदलून चोराचा पत्ता येतो.

सहा. आधी थोडेसेच कॉइन पाठवायचे. ते पोचले हे नव्या खात्यात डोळ्यांनी पाहायचं, मगच बाकीचे पाठवायचे. दोनदा शुल्क लागतं, पण जन्माची अद्दल परवडत नाही.

सात. ओटीपी टाकला की व्यवहार सुरू होतो आणि त्याचा एक नंबर मिळतो, ट्रान्झॅक्शन आयडी. हा नंबर टाकून ती मोठी वही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. बिटकॉइनच्या वहीत साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान जोडलं जातं. काही पानं जोडली गेली की नवं एक्स्चेंज कॉइन आपल्या खात्यात जमा दाखवतं.

संपलं. यात कुठेही घरून वेगळे पैसे आणून भरायचे नसतात, हे लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्यावी. काही ठिकाणी कॉइन जसेच्या तसे बाहेर काढू देत नाहीत, किंवा त्यावर मर्यादा असते. तिथे ते विकून रुपयेच बँकेत घ्यावे लागतात.

शुल्क आणि कर: फसवणूक इथेच होते

कॉइन हलवायला शुल्क लागतं, हे खरं आहे. पण ते कसं घेतात? सोयाबीन विकल्यावर हमाली आणि तोलाई आपल्या पट्टीतूनच कापून घेतात. “आधी घरून ४०,००० रोख आणा, मग तुमच्या मालाचे पैसे सोडतो,” असं कोणी म्हणालं तर आपण त्याच्या दारात उभ्या राहू का? क्रिप्टोचंही तसंच आहे. शुल्क त्याच कॉइनमधून वळतं होतं.

आता कराचं. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, वर उपकर वेगळा. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस कापला जातो. एका कॉइनमध्ये तोटा झाला तर तो दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पण हा कर आपल्या पॅनवर, आयकर विभागाकडे भरला जातो. टीडीएस एक्स्चेंज विक्रीच्या रकमेतून कापतं. आणि स्वतःच्या एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात कॉइन नेणं ही विक्री नव्हे. त्याची नोंद मात्र जपून ठेवावी, पुढे हिशोब देताना लागते.

म्हणून कोणत्याही ॲपने किंवा टेलिग्रामवरच्या कोणी “सरांनी” म्हटलं की कर आधी आमच्याकडे भरा, अनामत भरा, खातं गोठलंय ते सोडवायला पैसे भरा, तर ते खोटं आहे.

चाकणच्या मुलाचं काय झालं होतं?

त्याने आधी एका नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजवर ६०,००० रुपयांचे यूएसडीटी घेतले होते. तिथपर्यंत सगळं खरं होतं. मग टेलिग्रामच्या एका ग्रुपवर कोणीतरी सांगितलं की नवीन एक्स्चेंज आलंय, तिथे कॉइन हलव, बोनस मिळतो. लिंक पाठवली, त्याने ॲप घेतलं. ते ॲप प्ले स्टोअरवर नव्हतंच. त्यात जो पत्ता दिसला, त्यावर त्याने कॉइन पाठवले. सुरुवातीला त्याला ३,००० रुपये परतही मिळाले, म्हणून विश्वास बसला. मग ॲपमध्ये आकडा वाढत वाढत २,४०,००० झाला. काढायला गेला तर “४०,००० कर भरा.”

मी त्याला विचारलं, “दादा, तू पहिल्या एक्स्चेंजवरून कॉइन पाठवले, त्याचा ट्रान्झॅक्शन आयडी आहे का?” होता. तो टाकून त्यानेच पाहिलं. त्याचे कॉइन त्या पत्त्यावर पोचले आणि काही मिनिटांतच तिथून पुढे भलत्याच पत्त्यावर निघून गेले होते. ॲपमधले दोन लाख चाळीस हजार म्हणजे पडद्यावर काढलेला आकडा. वखारीत माल नाही आणि पावती मात्र छापून दिलेली.

ताई, यातली खरी गोम इथे आहे. बँकेतून पैसे चोरायला चोराला ओटीपी मागावा लागतो. इथे मुलाने स्वतःच्या हाताने कॉइन पाठवले. ते दुसऱ्या एक्स्चेंजवरच्या आपल्या खात्यात चाललेत, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते चोराच्या पत्त्यावर गेले. आणि त्या वहीतली नोंद खोडता येत नाही.

मोठ्या एक्स्चेंजवर तरी निवांत राहता येतं का?

तेही पूर्ण नाही. वझीरएक्स हे मुंबईत सुरू झालेलं, देशातल्या मोठ्या एक्स्चेंजपैकी एक. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपयांचे कॉइन चोरीला गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने एकत्र निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकरांनी केल्याचं म्हटलं. चोरी झाली त्या दिवसापासून ग्राहकांना कॉइन काढता येईनात. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. म्हणजे सव्वा वर्ष लोकांना आपलेच कॉइन दुसऱ्या खात्यात नेता आले नाहीत.

दुसरी घटना पुण्याची. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत “बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या” असं सांगून हजारो लोकांना गोवलं गेलं. मुख्य सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे आणखी वेगळंच घडलं. तपासात तांत्रिक मदतीसाठी घेतलेल्या दोन जाणकारांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले कॉइन त्यांनी परस्पर दुसरीकडे वळवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. कॉइन हलवायला ट्रक लागत नाही, सही लागत नाही. चावी ज्याच्या हातात, माल त्याचा.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. क्रिप्टोला असं काहीही नाही. भारतात क्रिप्टोवर बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आली आहेत. त्यांना केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी न करता भारतात धंदा करणाऱ्या नऊ विदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या आणि त्यांची संकेतस्थळं बंद करण्याची कारवाई झाली. त्यात बायनान्ससारखं जगातलं मोठं नावही होतं. पुढे दंड भरून आणि नोंदणी करून ते परत आलं. म्हणून नोंदणी आहे का, हे पाहायलाच हवं. पण नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

आईचं आधार, बहिणीचं बँक खातं

आणखी एक गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. मुलाचं किंवा भाच्याचं खातं अडकलं की तो म्हणतो, “मावशी, तुझ्या आधारवर एक खातं काढू दे, तुझ्या बँकेत पैसे मागवतो.” आपण भोळेपणाने ओटीपी सांगतो. असं करू नका. ते खातं कायद्याने तुमचं होतं. कॉइन अनोळखी माणसाला परस्पर विकून पैसे तुमच्या बँकेत आले आणि ते पैसे कुठल्या फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते. मग लाडक्या बहिणीचे पैसे, पीकविमा, मजुरी, सगळं त्याच खात्यात अडकून पडतं. गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी तर दुप्पट जपायला हवं. गटाचं खातं आणि गटाचे कागद अशा कामात कधीच येऊ देऊ नका.

फसवणूक झालीच तर

लाजेपायी घरात लपवू नका. जितका उशीर तितकी आशा कमी.

१९३० या नंबरवर लगेच फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. रुपये बँकेतून किंवा यूपीआयने गेले असतील तर ते पुढच्या खात्यात थांबवण्याचा प्रयत्न होतो. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार देता येते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वाशिमला सायबर पोलिसांकडे जा.

सोबत काय न्यायचं? ट्रान्झॅक्शन आयडी, ज्या पत्त्यावर कॉइन पाठवले तो पत्ता, तारीख आणि वेळ, बँकेचं स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट. ॲप आणि चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. ज्या खऱ्या एक्स्चेंजवरून कॉइन गेले, त्यांच्या मदत विभागालाही लगेच कळवा.

आणि “गेलेले कॉइन परत मिळवून देतो, आधी फी भरा” असं सांगणारा भेटला, तर तो त्याच चोरांचा भाऊ समजा.

बैठकीत हे पाच प्रश्न विचारा

कर्जाच्या मागणीमागे क्रिप्टो आहे असं वाटलं, तर रागावून नाही, जवळ बसून विचारा.

१. दोन्ही एक्स्चेंजवरची खाती मुलाच्याच नावाची आहेत का? पॅनची पडताळणी झाली होती का?
२. दुसऱ्या एक्स्चेंजचं नाव त्याला कोणी सांगितलं? ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं की लिंकवरून?
३. ते फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का?
४. पैसे सोडवायला वरून पैसे मागितले जात आहेत का?
५. ट्रान्झॅक्शन आयडी आहे का? तो टाकून पाहिला का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर “हो” आलं, तर पुढे विचारायची गरज नाही. एक रुपयाही देऊ नका.

त्या दिवशी गटाने ते कर्ज दिलं नाही. कार्यवाही पुस्तकात कारण लिहिलं, पण ताईंची मान खाली जाईल असं लिहिलं नाही. अध्यक्ष ताई म्हणाल्या, “तुही पत गेली नाही. पेरणीच्या वक्ताला माग, तवा देऊ.” मुलाने त्याच संध्याकाळी १९३० ला तक्रार केली. त्याचे ५७,००० रुपये हा लेख लिहीपर्यंत परत आलेले नाहीत, आणि येतील असं मी त्यांना सांगितलेलंही नाही. ४०,००० मात्र गटातच राहिले. त्यातून फवारणी झाली, शेळीही आली.

हा लेख पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईकडे कामाला आहेत, त्यांनी रविवारच्या फोनवर मुलांनाही वाचून दाखवा. काही अडलं तर तुमच्या सीआरपी ताईंना किंवा मला सांगा. अडकल्यावर सांगितलं तरी चालेल, पण पैसे भरायच्या आधी सांगितलं तर बरं.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक